करंगळीचं विचारा, बाई

"चपला घाला आधी. देव नाय हाय इथं."

डोंगरावर धापा टाकत पोचलेल्या माणसाचं स्वागत पाड्यावरचे बाबा असं करायचे. आपल्या लोकांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. उंचावर घडवलेला दगड दिसला, खाली ओटा दिसला, की पाय आपोआप चपलांतून बाहेर येतात. कुणी नारळ काढतं, कुणी कुंकवाची पुडी. एकदा त्र्यंबकेश्वराहून परतताना वाट वाकडी करून आलेल्या एका कुटुंबाने दगडाला हळद फासली आणि मुलाच्या नोकरीसाठी नवस बोलायला सुरुवात केली. बाबा मागून म्हणाले, "मानसं हायत ती. मेलेली. त्यांनाच कुनी वाचवलं नाय, ती तुमाला काय देनार?" नवस तिथेच आटपला.

दगडावर पाच नावं आहेत. महायुद्धाच्या काळात, ऐन पावसाळ्यात, धुक्यात वाट चुकलेलं एक विमान पेठच्या अंगाला असलेल्या या डोंगरावर आदळलं. आतले पाचही जण इंग्रज, पाचही मेले. शहरातल्या काही हौशी मंडळींनी मध्यंतरी हा स्मृतिस्तंभ उभारला. भाषणं झाली, फोटो निघाले, मंडळी खाली उतरली ती उतरलीच. वर राहिले बाबा. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी नागलीची भाकरी खाऊन डोंगर चढायचा, दगड पुसायचा, गवत उपटायचा, गुरं हाकलायचा आणि चपला काढणाऱ्यांवर खेकसायचा.

मी डोंगराखालच्या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. घर नाशिकला. सोमवारच्या एसटीने यायचं, शनिवारी परतायचं. आसपास धड इंग्रजी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे डोंगरावर कुणी परदेशी पाहुणा आला की बाबा थेट वर्गाच्या दारात. परीक्षा चालू असली तरी त्यांना काय त्याचं! "बाई, चला. गोरा आलाय."

आणि वर पोचलं की एकच धोशा. "करंगळीचं विचारा, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोर कुणी जुन्या विमानांचा अभ्यासक, कुणी निवृत्त जोडपं, आणि मी घसा खाकरून विचारणार, की या पाचांपैकी कुणाची डाव्या हाताची करंगळी अर्धी होती का हो? एकाने दचकून स्वतःचीच करंगळी तपासली. माहीत कुणालाच नसायचं. बाबा मान हलवायचे, "बरं, बरं," म्हणायचे आणि पुन्हा गवत उपटायला लागायचे. "कशाला हवंय तुम्हाला?" असं मी कितीदा विचारलं. "निरोप हाय एक," एवढंच उत्तर.

त्या निरोपावर काय अडलं होतं, ते मला त्यांच्या अंगणात कळलं. त्यांच्या पाड्यावर माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड घडवून पाड्याबाहेर बसवतात. चिरा म्हणतात त्याला. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. चिरा बसेपर्यंत मेलेला माणूस बाहेर वणवण करतो, बसला की घरच्यांत येतो, असं मानतात. बाबांच्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांचा चिरा घडवून तयार होता आणि घरामागच्या कुडाला टेकून आडवा पडला होता. त्यावर कोंबड्या बसायच्या.

मी म्हटलं, "अहो, चाळीस वर्षं? बापाला असं बाहेर ठेवतात का?"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "त्यानंच सांगितलंय, बाई. त्या गोऱ्याच्या घरच्यांना निरोप दे, मग बसव. मी मरायच्या आत त्यांच्यातलं कुनी आलं म्हंजे मिळवलं."

माझी जीभ जरा जास्तच चालते.

दोन हिवाळ्यांपूर्वी इंग्लंडहून एक बाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, डोक्यावर उन्हाची टोपी. दोघांच्या आधाराने वर चढल्या आणि तिसऱ्या नावापाशी थांबल्या. हे माझे वडील, म्हणाल्या. ते गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. खुर्चीत बसलेला पंचविशीतला तरुण, डावा हात गुडघ्यावर. बाबांनी फोटो डोळ्यांशी नेला. मी काही विचारायच्या आतच त्यांचं बोट फोटोतल्या हातावर टेकलं. करंगळी अर्धी होती. लहानपणी शेतातल्या यंत्रात गेली, असं बाईंनी सांगितलं.

बाबा खालीच बसले. मग उठून त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते, त्यांच्याकडेच बघत होते.

"सांगा त्यांना. माझ्या बापाला हा जित्ता सापडला. बाकीची चार मेलेली. ह्याचा पाय इमानाखाली अडाकलेला. बाप नि अजून दोघं जनं व्हते. तिघंबी पळाले. गोरा आपल्याम्होरं मेला तर पोलीस आपल्यालाच धरतील, ह्या भ्यानं. दुसऱ्या दिशी बाप एकटाच गेला. पानी पाजलं. त्यानं बापाचा हात धरला, सोडंना. तवा करंगळी लागली हाताला. बापानं हात सोडवून घेतला नि खाली आला. जंगलखात्याच्या नाक्यावर जाऊन सांगितलं असतं तर मानसं आली असती. नाय सांगितलं. तिसऱ्या दिशी गेला तर मेलेला. माझ्या बापाचा गुन्हा हाय. समदं सांगा, बाई. काय मागं ठेवू नका."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. काय म्हणतायत ते, असं त्यांनी विचारलं.

तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं मी? ऐंशी वर्षांची बाई, अर्धं जग ओलांडून, गुडघे धरत डोंगर चढून आलेली. तिला सांगायचं, की तुझा बाप तीन दिवस इथे पडून होता, त्याने एक हात घट्ट धरला होता, आणि या माणसाच्या बापाने तो हात सोडवून घेतला?

मी सांगितलं, यांचे वडील सगळ्यांत आधी इथे पोचले. तुमचे वडील आदळल्याबरोबर गेले होते. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. यांच्या वडिलांनी त्यांचे डोळे मिटले आणि अंगावर पानं पांघरली.

पानं! कुठून सुचली मला पानं, देव जाणे. खोटं बोलायला लागलं की माणूस सजावटसुद्धा करतो.

बाई रडल्या आणि रडता रडता हसल्या. त्यांना फार त्रास झाला का, हाच एक प्रश्न माझी आई आयुष्यभर विचारत गेली, म्हणाल्या. बाबांच्या हातावर त्यांनी कपाळ टेकलं.

"समदं सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हनल्या?"

"माफ केलं म्हणाल्या."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बाईंना डोंगरावरून उतरवायला काठी पुढे केली.

त्यानंतर मी चिऱ्याच्या आमंत्रणाची वाट बघत राहिले. पाड्यावर जेवण होईल, बाबा मला पुढे बसवतील, असं सगळं माझं मनातल्या मनात ठरून गेलं होतं. मी केलं ते चांगलंच केलं, दोन घरांना शांती मिळवून दिली, असं स्वतःला समजावत होते. महिना गेला. मी विचारलं तर म्हणाले, "पेरनी होऊ द्या." पेरणी झाली. "दिवाळी होऊ द्या." दिवाळी झाली. कोंबड्या दगडावर बसतच होत्या. बाबा माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, शाळेतल्या पोरींची चौकशी करायचे, घरची वालाची शेंग पिशवीत घालायचे. फक्त एक बंद झालं. गोरा आला तरी मला बोलवायला येईनात. मी लांबून बघायचे, वर हातवारे करून काहीतरी सांगत असायचे. मला वाटलं, काम झालं त्यांचं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं मला. अक्कल माझी!

यंदाच्या उन्हाळ्यात बाबांना ताप आला. नाशिकच्या दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी गेले. मी सुट्टीत घरी होते, मला उशिरा कळलं. दहा-बारा दिवसांनी पाड्यावर गेले. थोरल्या मुलाने बाज टाकली, पाणी दिलं. घरामागे आता दोन चिरे होते. जुन्याशेजारी नवा, अजून दगडाची पांढरी भुकटी अंगावर असलेला.

"कधी बसवताय?" मी विचारलं.

"बाबानं सांगितलंय, आज्याचा बसल्याबिगर माझा बसवू नका."

"आणि आज्याचा?"

"त्याचा निरोप पोचला की."

माझ्याने मग राहवेना. त्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर, शेजारच्या म्हाताऱ्यांसमोर मी सगळं सांगून टाकलं. बाबा काय बोलले होते, मी काय सांगितलं होतं. पानंसुद्धा. बोलताना मी जमिनीकडे बघत होते. शिव्या खायची तयारी होती माझी. खरं म्हणजे शिव्या हव्याच होत्या मला.

मुलगा म्हणाला, "बाबाला म्हाइत व्हतं."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. तिचा हात बाबाच्या हातात व्हता ना. म्हनले, असलं ऐकल्यावर मानूस हात काढून घेतो. हिनं काढला नाय. म्हंजे शाळेच्या बाईनं सांगितलं नाय."

"मग मला बोलले का नाहीत? दीड वर्ष! एक शब्द बोलायचा होता!"

"आमी म्हनलं त्यांना, जा नि बाईला इचारा. नको म्हनले. म्हनले, बाई घाबरली. तुमचा आजा बी घाबरलाच व्हता. त्याला आपन कवा काय बोललो का?"

मग तो आत जाऊन चहा घेऊन आला. मी तो प्यायले.

त्या बाईंचा पत्ता माझ्याकडे होता. तीन दिवस बसून मी पत्र लिहिलं. त्यांच्या वडिलांचे ते तीन दिवस, दोन रात्री, पाणी, हात, सगळं लिहिलं. मी काय केलं तेही लिहिलं. पानं खोटी आहेत, असं वेगळ्या ओळीत लिहिलं. पेटीत टाकताना पाकीट बोटांतून सुटेना, मागच्या माणसाने "मॅडम, टाका ना" म्हटलं तेव्हा टाकलं.

पाड्यावर तसं सांगून आले, त्याला सव्वा महिना झाला. दर सोमवारी पाड्यावरचं कुणी ना कुणी शाळेच्या दाराशी येतं आणि काही न विचारता उभं राहतं. मी मान हलवते, की उत्तर नाही आलं अजून.