रेडिओचा टोमॅटो

तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. एरवी घरात, वर्गात, वसतिगृहात सगळे तिला रेडिओ म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. सकाळी डोळ्यांआधी तिचं तोंड उघडायचं. दात घासताना तिचं बोलणं थांबत नसे, फक्त कळत नसे, एवढाच फरक. बारावीनंतर तिला निवेदनाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. तिथे प्रवेश हुकला आणि बागायतशास्त्राच्या पदवीला मिळाला, तेव्हा बाबा म्हणाले, "जा की! झाडांना सगळं ऐकू येतं म्हणे. आणि उठून जायची सोय नाही बिचाऱ्यांना."

बाबा भाजीपाल्याचा ट्रक चालवायचे. आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती, रोज शेकडो रुग्णांचं जेवण तिच्या हाताखालून जायचं. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम होतं, टोमॅटो हा विषय सोडून. बाबांचं म्हणणं, टोमॅटो कसा हवा, तर क्रेटमध्ये खाली दबला तरी हसत बाहेर निघणारा. आई म्हणायची, "तो टोमॅटो की चेंडू? तासभर शिजवला तरी ढिम्म हलत नाही, आणि चव म्हणाल तर पाण्याला जास्त असेल." आईला हवा तो पातळ सालीचा, आंबटगोड, भांड्यात पडताच विरघळणारा टोमॅटो. तो बाबांच्या ट्रकमधून आणला की घरी यायचा तो रसच. या भांडणात लहानपणापासून रेडिओ पंच होती आणि दोन्ही बाजूंनी बोलायची.

पहिली दोन वर्षं माती, खतं, रोपवाटिका, छाटणी यांत मजेत गेली. तिसऱ्या वर्षी वनस्पती प्रजनन आणि जैवतंत्रज्ञान हे विषय आले, आणि त्यांच्याबरोबर मॅडम आल्या. मॅडम म्हणजे शब्दांची काटकसर. वर्गात शिकवायच्या तेवढंच बोलायच्या, वर्गाबाहेर मान हलवून काम भागवायच्या. प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा रेडिओने आईबाबांचं टोमॅटोपुराण त्यांना साग्रसंगीत ऐकवलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "मग लावून दे लग्न."

असा तिचा प्रकल्प ठरला. बाबांचा टणक वाण आणि आईचा चवदार वाण, यांचा संकर.

शेतातलं काम तिला झकास जमलं. टोमॅटोचं फूल एकाच वेळी नवराही असतं आणि नवरीही. सोडून दिलं तर ते आपलं आपल्यात उरकून मोकळं होतं. म्हणून कळी उमलायच्या आदल्या दिवशी गाठायची, चिमट्याने पाकळ्या बाजूला सारायच्या आणि पुंकेसरांचा पिवळा शंकू अलगद सोलून काढायचा. मधे उरते ती एक हिरवी काडी. दुसऱ्या वाणाची उमललेली फुलं बॅटरीवरच्या दात घासायच्या ब्रशने थरथरवायची, खाली धरलेल्या कुपीत पराग पडतो, त्या परागात ती काडी टेकवायची. मग वर पिशवी आणि देठाला दोऱ्याने चिठ्ठी. रेडिओ हे करताना प्रत्येक फुलाशी बोलायची. "घाबरू नकोस गं, मुलगा चांगल्या घरचा आहे. जरा कडक आहे, पण टिकाऊ आहे." शेजारच्या वाफ्यातली मुलं हसून लोळायची.

गाडी अडली ती टिश्यू कल्चरच्या खोलीत. तिथे झाडाचा नखाएवढा तुकडा निर्जंतुक करून बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा, म्हणजे त्यातून अख्खं रोप उभं राहतं. समोर काच, आतून गाळलेल्या हवेचा झोत, हातांना स्पिरिट, तोंडाला मास्क. सगळ्यांच्या बाटल्यांत हिरवे कोंब यायचे. रेडिओच्या बाटल्यांत मात्र बुरशी. कधी पांढरी, कधी करडी, एकदा तर चक्क गुलाबी. तिने हात घासून घासून लाल केले, केस दोनदा बांधले, अंगरखा रोज धुतला. फरक शून्य. शेवटी मॅडम तिच्यामागे थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"कळलं," त्या म्हणाल्या.

"काय चुकतंय मॅडम? चिमटा नीट तापवत नाही का मी? की मी बाटलीचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवते? कारण मला वाटलं होतं की..."

"हेच चुकतंय," मॅडम म्हणाल्या. "तू बोलतेस."

"पण मास्क आहे ना!"

"मास्कलाही मर्यादा असते."

रेडिओने गप्प बसायचा मनापासून प्रयत्न केला. पण बोलणं थांबवलं की ती गुणगुणायची, आणि गुणगुणणं थांबवलं की तिला हसू यायचं. बुरशीची मात्र चंगळ झाली. त्या विषयाच्या परीक्षेत ती काठावर पास झाली आणि टिश्यू कल्चरला लांबूनच नमस्कार करून आपल्या टोमॅटोंकडे परतली.

संकराची पहिली पिढी आली ती एका साच्यातून काढल्यासारखी. फळं गोल, लाल, टणक. बाबांनी एक फळ जमिनीवर टाकून पाहिलं, ते उसळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आईने एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "मुलगी माझी म्हणून सांगते, हे इस्पितळात दिलं तर पेशंट दुसऱ्या इस्पितळात जातील."

रेडिओचा चेहरा पडला. मॅडमनी तिला बसवून घेतलं. "पहिल्या पिढीवर जाऊ नको. यांचं बी लाव. दुसऱ्या पिढीत पत्ते पिसले जातात."

आणि खरंच, दुसऱ्या पिढीने धमाल केली. एका बापाची लेकरं, पण एक उंच तर एक बुटकं, एकाला फळं गोल तर दुसऱ्याला पोटं सुटल्यासारखी. सगळीच रोपं वाढवायला जागा नव्हती, म्हणून कोवळी असतानाच त्यांची पानं घेऊन डीएनए तपासायचा आणि टणकपणाची खूण असलेली तेवढी ठेवायची, असं ठरलं. पान वाटून, गाळून, नळीत थंडगार अल्कोहोल ओतलं, आणि त्या स्वच्छ पाण्यात एकाएकी पांढरे धागे तरंगू लागले, पिंजलेल्या कापसासारखे. रेडिओ नळी उजेडात धरून पाहत राहिली. आईच्या आवडीचं आणि बाबांच्या हट्टाचं जे काही होतं ते त्या धाग्यांत कुठेतरी गुंतलेलं होतं.

निवडलेल्या रोपांना फळं धरली आणि त्यांत एक झाड असं निघालं की तिचा विश्वास बसेना. साल घट्ट, दाबलं तरी दबत नाही, आणि चावलं की तोंडभर आंबटगोड रस. मॅडमनी एक फोड खाल्ली आणि दुसरी मागितली. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालं नव्हतं.

सुट्टी लागली, बाबा ट्रक घेऊन न्यायला आले. तिने त्या झाडाची सगळी पिकलेली फळं तोडली. एक आईला चाखवायचं आणि बाकीच्यांचं घरी बसून बी काढायचं, असा तिचा बेत. कच्ची फळं झाडावर होतीच. पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून ती मैत्रिणीला भेटायला गेली आणि बोलता बोलता जेवायची वेळ करून परतली. घरी मावशी आणि काका आले होते. ताटं वाढलेली होती. रेडिओने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"आई, आज काय केलंयस तू! पाय कुठे आहेत तुझे, पाया पडते."

"जेव गं. अजून घे."

तिने दोनदा वाढून घेतलं. बोटंसुद्धा चाटली. मग म्हणाली, "पण खरं सांग, घातलंस काय यात?"

"मी कसलं काय घालतेय? तूच आणलेले टोमॅटो. नुसते टाकले आणि असे विरघळले बघ, मी तर थक्क झाले."

रेडिओचा हात ताटातच थांबला. "सगळे?"

"मग काय अर्धे ठेवायचे? पाहुणे आलेत."

"आणि बिया?"

"बिया गाळून टाकल्या. मावशीला दातात अडकतात ना."

मावशी ओशाळून दातातलं काहीतरी शोधू लागली. बाबा आईला हळूच म्हणाले, "अगं, ते प्रकल्पाचे होते." आईने कपाळाला हात लावला. "मला काय माहीत! स्वयंपाकघरात ठेवलेला टोमॅटो प्रकल्पाचा असतो, हे मला कुणी शिकवलं का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहून रेडिओला रडता येईना. ती म्हणाली, "जाऊ दे गं. झाडावर अजून आहेत. आणि तुझ्या परीक्षेत पास झाला ना टोमॅटो, अजून काय हवं!"

सुट्टी अर्धी टाकून ती परतली. वाफ्यापाशी पोचली तेव्हा तिचं ते झाड माना टाकून उभं होतं. पानं हिरवी, पण उकडलेल्या भाजीसारखी लोंबलेली. कच्ची फळं सुरकुतून गेली होती, त्यांत उगवेल असं बी धरलंच नव्हतं. मॅडमनी खोडाचा तुकडा कापून पाण्यात धरला, त्यातून दुधासारखी रेघ ओघळली. "मर रोग. मुळापासून वर चढतोय."

"फांदी कापून लावू का? टोमॅटोची फांदी लगेच मुळं धरते."

"फांदीबरोबर रोगही लावशील. शेंडा अजून निरोगी असेल. टाचणीच्या डोक्याएवढा शेंडा घ्यायचा, आणि..." मॅडम थांबल्या.

"आणि टिश्यू कल्चर," रेडिओ म्हणाली. "मॅडम, तुम्हीच करा ना. माझ्या हातून बुरशीच होणार."

"झाड कुणाचं?"

रेडिओने अंगरखा चढवला. शेंडे धुतले, औषधात बुडवले, पुन्हा धुतले. रेडिओ काचेसमोर बसली, मास्कवर मास्क चढवला आणि ओठ दातांखाली धरले. मॅडम तिच्यामागे लांब, दारापाशी खुर्ची घेऊन बसल्या. पहिला शेंडा कापताना मास्कच्या आत ती पुटपुटणार इतक्यात मागून मॅडमचा आवाज आला.

"मी एकदा पांढरं वांगं तयार केलं होतं."

रेडिओचा चिमटा हवेत थांबला.

"मागे बघू नको. काम कर. बोलायचंच असलं तर आज मी बोलणार." आणि मॅडम बोलू लागल्या. कधीच एवढं न बोललेल्या मॅडम. पांढरं वांगं, चवीला उत्तम, कीड फारशी लागायची नाही. कित्येक पिढ्या निवडत त्यांनी ते घडवलं. मोठ्या हौसेने लोकांना रोपं वाटली. एकानेही पुन्हा मागितली नाहीत. लोक म्हणाले, आजारी दिसतं. एक जण म्हणाला, शिजवलं की वाटतं अंड्याची भाजी केलीय. त्यांच्या यजमानांनी आठवडाभर रोज तेच वांगं न कुरकुरता खाल्लं आणि आठव्या दिवशी विचारलं, "याला थोडा रंग नाही का देता येणार?" मॅडम त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. "आणि मग लक्षात आलं," त्या म्हणाल्या, "की मी लोकांना आधी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस. आईला, बाबांना. म्हणून म्हटलं, हे झाड जायला नको."

रेडिओला शंभर प्रश्न पडले होते. वांगं किती पांढरं? यजमान आता काय खातात? ते जिभेच्या टोकावर येत होते आणि ती एकेक गिळत होती. हात मात्र आपोआप चालत होते. चिमटा ज्योतीत, शेंडा बाटलीत, झाकण बंद. पुढचा. ती इतका वेळ दुसऱ्याचं ऐकत बसल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तिला ते चक्क आवडलं होतं. शेवटची बाटली बंद करून ती बाहेर आली, मास्क काढला आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, त्या वांग्याचं बी आहे अजून?"

"घरी परसात आहे एक झाड," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

काही बाटल्यांत बुरशी आलीच. काहींत शेंडा तपकिरी होऊन बसला. पण तीन बाटल्यांत हिरवा ठिपका फुगला, त्याला इवलीशी पानं फुटली, खाली पांढरी मुळं उतरली. तपासून पाहिलं, तिन्ही निरोगी. "बियांपेक्षा हे बरंच झालं," मॅडम म्हणाल्या. "बी लावलं असतंस तर पुन्हा पत्ते पिसले असते. हे तेच झाड आहे."

अर्थात एका झाडाने वाण होत नाही. पुढे पिढ्यान् पिढ्या लावून, निवडून ते गुण पक्के करायचे, हे काम वर्षांचं. रेडिओ त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाला तिथेच राहिली. आता ती नव्या मुलांना पहिल्या दिवशी चिमटा कसा धरायचा ते शिकवते, आणि अभ्यासाला म्हणून भाजीवाल्यांना, स्वयंपाकिणींना, ट्रकवाल्यांना गाठून त्यांच्याशी मनसोक्त बोलते. मॅडम म्हणतात, प्रजननाचं निम्मं काम हेच.

बाटलीतली ती तीन रोपं वाढवून त्यांच्या फांद्यांपासून ट्रे भरून रोपं झाली, तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या शेतावर न्यायची होती. बाबांनी ट्रक आणला. बाटलीतल्या लाडात वाढलेल्या रोपांची ही लेकरं, वारा लागला तरी मान टाकतील, असं रेडिओने बजावलं होतं. आई सुट्टी टाकून आली आणि मागे ट्रेजवळ ओल्या फडक्याने पानं पुसत बसली. बाबा इतक्या हळू निघाले की एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला, मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत शेजारून चालू लागले. त्यांनी खिडकीकडे मान वर करून विचारलं, "बंद पडलाय का? धक्का देऊ?"

"नको," बाबा खिडकीतून म्हणाले. "मागे लहान मुलं झोपलीत."