त्रेचाळीस बायकांचे नंबर

मोनिकाला एका जागी बसवायचं तर बांधूनच ठेवावं लागेल, असं देवळाली प्रवराच्या शाळेतल्या बाईंनी ती पाचवीत असतानाच सांगून ठेवलं होतं. आता ती नगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाटीवर अहिल्यानगर झालं तरी एसटीत चढणारा तिकीट अजून नगरचंच मागतो, तसंच हिचंही वय वाढलं तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. मेसमध्ये ही उभ्यानं जेवते, फोनवर बोलताना हॉस्टेलचे जिने चढते नि उतरते. भाद्रपदापासून तर तिचा जीव थाऱ्यावरच नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी तिची आई छबूबाई गाईसाठी घास कापत होती. मान वर केली तर उसाच्या कडेला, दहा पावलांवर, बिबट्या बसलेला. थोड्या वेळानं तो उठून उसात गेला. छबूबाई विळा तिथंच टाकून घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घास कापायला गेली, कारण गाय काही उपाशी ठेवता येत नाही. या भागात लोक बिबट्याची बातमी चहाबरोबर चवीनं वाचतात आणि घरातल्या बाईला उजाडता उजाडता उसात धाडतात. याचा राग यायला हवा, पण तो कुणाला येत नाही. मोनिकाला मात्र आला. रोज आठ वाजता ती हॉस्टेलवरून फोन लावायची आणि आईचा आवाज ऐकल्यावरच तिच्या घशाखाली पोहे उतरायचे.

जानेवारीत नगरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांची हॅकेथॉन लागली. दोन दिवस एका हॉलमध्ये बसायचं, कुठली तरी खरी अडचण घ्यायची आणि तिच्यावर कॉम्प्युटरचा तोडगा काढून दाखवायचा. स्पर्धा मुलींसाठी होती, आणि स्वतःला मुलगी किंवा मुलगा यांपैकी काहीच न म्हणवणाऱ्यांसाठी. जिंकणाऱ्या टीमचं काम उसाच्या एका हंगामापुरतं दहा गावांत चालवून बघणार होते. ते वाचल्याबरोबर मोनिकानं नाव देऊन टाकलं. बक्षिसाच्या ढालीत तिला रस नव्हता, तिला ती दहा गावं हवी होती. त्यातलं एक देवळाली असणार, हे तिनं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

टीममध्ये तिघंच. देवश्री नगरचीच, वडील आणि आजोबा दोघंही मास्तर, त्यामुळे वही नीटनेटकी आणि बोलणं मुद्देसूद. तिसरं माणूस खर्डा गावचं, नाव ओम. नोंदणीच्या टेबलावर ओमने फॉर्ममधल्या तिसऱ्या रकान्यात खूण केली, तेव्हा तिथल्या मुलीनं कागद दोनदा वाचला आणि बिल्ला दिला. ओमने तो लगेच शर्टाला लावला आणि दोन दिवस काढला नाही.

काम साधं होतं. बिबट्या दिसला की एक बटण दाबायचं, की वस्तीवरच्या सगळ्या बायकांचे फोन एकदम वाजणार आणि मोनिकाचा आवाज सांगणार, बिबट्या कुठं आहे ते. ऐकणारीनं एकचा आकडा दाबून ‘कळलं’ म्हणायचं. दिवाळीच्या सुट्टीतच, बिबट्या दिसला तर एकमेकींना कळवता यावं म्हणून, मोनिकानं स्कूटीवर दारोदार फिरून त्रेचाळीस बायकांचे नंबर गोळा केले होते. कुणी तोंडपाठ सांगितला, कुणी आत हाक मारून विचारून दिला. हिनं भराभर लिहून घेतले आणि पुढचं दार गाठलं.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी चाचणीचा निरोप सोडला. स्क्रीनवर आकडे चढत गेले. त्रेचाळीस फोन वाजले, अडतीस जणींनी एक दाबलं. देवश्रीनं टेबलावर हात आपटला. मोनिका खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून आली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव आलं यादीतल्या रंगुबाईंचं, आवाज होता त्यांच्या नवऱ्याचा, सहादेवचा.

“मोनिका, तुजा फोन आल्ता. कुठं दिसला गं बिबट्या? मी फॅक्टरीवर हाय.”

“चाचणी होती, काका. काकू कुठंय?”

“ती व्हय? ती गेलीय घास कापाया.”

मोनिकानं फोन ठेवला आणि यादीतल्या पुढच्या नंबरला लावला. पुरुष. त्याच्या पुढचाही पुरुष, टेम्पोत बसलेला. एक नंबर सातवीतल्या पोराकडे निघाला, तो गेम खेळत होता. दहा फोनांत बाईचा आवाज एकच आला. शेवटी तिनं ‘आई’ नावाचा नंबर लावला.

“मिळाला की निरोप,” तिचे वडील भागवत म्हणाले, “दाबला म्या एक.”

“आईला द्या, अण्णा.”

“आई रानात हाय. मी गावात आलोय, सलूनमदी.”

मोनिका हॉलच्या मधोमध उभी राहिली. तीन वर्षं ती ज्या नंबराला आई म्हणत होती, तो अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात होता. आठ वाजता अण्णा न्याहारीला बसलेले असत, म्हणून फोन आईच्या हातात जायचा, इतकंच. तिला स्वतःचीच लाज वाटली. शहरातल्या मुलीनं ही चूक केली असती तर हिनं तिची वर्षभर टिंगल केली असती.

“हे आत्ता कुणाला सांगू नकोस,” देवश्री म्हणाली. “तीन वाजता दाखवायचंय. आधी जिंकू, मग नंबर बदलत बसू.”

“बदलायला नंबर आहेत कुठं? फोनच नाहीत त्यांच्याकडे.”

“अगं, पण अडतीस खोटे नाहीत ना!”

खोटे नव्हतेच. मोनिकाला तेच छळत होतं. ती हॉलबाहेर गेली, पार्किंगपर्यंत चालली, परत आली, पुन्हा गेली. सांगितलं तर दहा गावं गेली. नाही सांगितलं तर दहा गावांतल्या बायका निर्धास्त होऊन उसात जाणार आणि फोन चहाच्या टपरीवर वाजणार. तिनं ओमकडे बघितलं.

“मी आजवर सगळे फॉर्म चुकीच्या रकान्यात भरलेत,” ओमने शांतपणे सांगितलं. “आपल्या यादीवर बायका लिहिलंय आणि आत पुरुष आहेत. मला हे नाही दाखवता येणार.”

देवश्री फुगून बसली, पण नाही म्हणाली नाही.

तीन वाजता परीक्षक नीलांबरी मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या. आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. “त्रेचाळीसपैकी अडतीस? फारच छान.”

“मॅडम, अडतीस फोन उचलले गेले,” मोनिका म्हणाली. “जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांना विचारलं. त्यात बायका चारच आहेत. बाकीचे फोन त्यांच्या नवऱ्यांकडे आणि पोरांकडे असतात. उसात जाणारीकडे फोन नसतो.”

“तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलं नसतं.”

“नसतं कळलं. पण याच्या भरवशावर माझी आई उसात गेली असती.”

“मग तोडगा काय?”

“आत्ता नाहीये.”

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, तिघांकडे एकदा नीट बघितलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. पहिला नंबर दुसऱ्याच टीमला मिळाला. यांच्या हाती भाग घेतल्याचं प्रमाणपत्र आलं. बसस्टँडवर देवश्री म्हणाली, “पुढच्या वेळी दोन दिवस आधी तरी शोधून काढ,” आणि उसाचा रस घेऊन आली. मोनिका हॉस्टेलला गेलीच नाही, तिनं थेट राहुरीची गाडी पकडली. दहा गावं गेल्याचं दुःख तिला होतंच, पण एसटीत ती एकाच घराचा विचार करत होती.

रात्री घरी जेवताना तिनं विषय काढला. “अण्णा, सकाळी फोन आईजवळ द्यायचा.”

“आन मला लोकांचे फोन येत्यात, ते कोन घेनार?”

“मला नगं बाई,” छबूबाई म्हणाली. “उसात पडला तं कोन हुडकीत बसंल?”

मोनिका ताटावरून उठली, ओट्यापर्यंत गेली, परत येऊन बसली. “आठ दिवस. फक्त आठ दिवस बघा.” ती ऐकणारी नाही हे भागवतला जन्मापासून ठाऊक होतं. त्यानं फोन खिशातून काढून बायकोपुढे सरकवला.

सकाळी छबूबाई फोन कमरेच्या पिशवीत घालून, विळा घेऊन निघून गेली. मोनिकानं तिला उचलायचं बटण दोनदा दाखवलं होतं. भागवतनं चहा घेतला, रिकाम्या खिशावर हात मारला, गोठ्यात जाऊन आला. मग रस्त्यापर्यंत गेला. मग ओट्यावर बसला आणि लगेच उठला. मोनिका त्याच्याकडे बघत राहिली. आपली भिंगरी कुणाकडून आली, हे तिला आज कळलं.

“साडेसात झाले,” तो म्हणाला. “येती ना ती यवढ्यात?”

“येते आठपर्यंत.”

“आठ?” न्याहारी समोर यायची, पण बायको रानातून कधी येते हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं हात पुढे केला. “तुजा फोन दी जरा. सहादेवला लावायचाय.”

त्यानं आकडे दाबले तेव्हा मोनिकाला दिसलं, तो स्वतःचाच नंबर लावत होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि बायकोला त्याचा हा पहिला फोन. बराच वेळ घंटी वाजली. त्याचा चेहरा उतरत गेला. मग पलीकडून आवाज आला.

“कोन बोलतंय?”

“मी हाय.”

“मी कोन?”

भागवत अडखळला. बायकोला फोनवर आपण कोण म्हणून सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. “मी... मोनिकाचा बाप.”

“बया! काय झालं?”

“काय न्हाई. कुठं हायेस?”

“घास बांधतीय. का?”

“काय न्हाई,” तो पुन्हा म्हणाला. त्यानं फोन कानाला घट्ट धरला आणि मोनिकाकडे पाठ केली. “ठिवू नगंस. घरी येस्तवर बोलत ऱ्हा.”