तिच्या ताटातल्या करंज्या

भुईगावला आमच्या वाडीला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. मधे कुंपण म्हणून नुसती शेवग्याची रांग. तिथली मुलगी माझ्याच वयाची. मी लग्न होऊन आले तेव्हा कोणाशी बोलत नसे, म्हणून तीच माझ्याशी बोलायला लागली. मला वहिनी म्हणायची, पण अगं-तुगं करायची.

तिचं लग्न ठरलं, ईस्टर झाल्यावरचं. मला तिचं केळवण करावंसं वाटलं. सासूबाईंकडे मी तोवर काही मागितलं नव्हतं. वाल सोलता सोलता एकदाचं बोलून टाकलं. त्यांचे हात थांबले.

"त्यांच्यात करतात का केळवण?"

मला माहीत नव्हतं.

"मग विचारून ये की. मलाही कळू दे."

मैत्रीण म्हणाली, "नवरीला जेवायला बोलावतात आमच्याकडे. पण पाट, रांगोळी असलं काही नाही. पाटावर का बसवतात गं?"

ते मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. परत येऊन सासूबाईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "जमीन गार लागते म्हणून असेल," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

असे माझे दोन दिवस कुंपणाच्या अल्याड-पल्याड गेले. कुंकू लावलेलं चालेल का? चालेल, घरी जाताना पुसेन. ओटीत तांदूळ की गहू? काहीही घाला, पण ओटीचं पुढे करायचं काय? एकमेकींचं किती ठाऊक नाही, याची आम्हाला तेव्हाच गंमत वाटायला लागली. सासूबाईंनी पंचांग काढलं. संकष्टी नको, एकादशी नको, अमावास्या तर नकोच. सगळे उपास टाळून एक दिवस धरला आणि ओल्या नारळाच्या करंज्या करायचं ठरलं.

दिवस सांगायला गेले तेव्हा कळलं. त्यांचाही उपासाचा काळ चालू होता, ईस्टरपर्यंतचा. आम्ही आमचे सगळे उपास टाळले होते आणि नेमका तिचा विसरलो होतो.

"जेवेन मी," ती म्हणाली. "पण गोड सोडलंय. बाबांसाठी."

तिच्या वडिलांना दिवाळीच्या सुमाराला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारलाय, आता चाललं पाहिजे, असं डॉक्टर सांगत होते. पण एकदा अंगणात पडल्यापासून ते ओटीवरच्या खाटेवरून हलायला तयार नव्हते. त्यांच्याकडच्या लग्नात बाप मुलीला हात धरून चर्चच्या दारापासून आत नेतो. वडील म्हणत, तुझा भाऊ नेईल. तिला भाऊ नको होता. त्यांनी चालावं म्हणून तिनं गोड सोडलं होतं.

"रविवार तुमच्या उपासात धरत नाहीत ना? मग रविवारी करू," मी म्हटलं. हे मी तिच्याकडूनच ऐकलं होतं.

"देव धरत नाही. मी धरलेत."

सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता केळवण राहिलं. त्या म्हणाल्या, "नवस आहे तर नवस. पण गोडाशिवाय केळवण होत नाही. करंज्या होतील."

"आणि खाणार कोण?"

"बघू."

केळवणाच्या दिवशी ती निळी साडी नेसून आली. माजघरात पाटावर बसवली, कुंकू लावलं, ओटी भरली. भाऊ तिला सोडायला आला होता, तो ओटीवर बसला. वालाची भाजी, अळू, भात, वडे. ताटाच्या कडेला करंज्या. ती भात कालवणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या,

"नवरीच्या ताटातलं गोड उरवायचं नसतं. तिनं नाही खाल्लं तर तिच्या घरच्यानं खायचं. इथेच बसून. घरी न्यायचं नाही."

"मी खातो की," भाऊ बाहेरून म्हणाला.

"तू नाही. वडीलधारं लागतं."

"काकी, बाबा कसे येतील?" मैत्रीण म्हणाली.

"ते मला काय माहीत? रीत आहे ती सांगितली. जा रे, सांग त्यांना. आणि हात धरून आणू नकोस, नुसता बरोबर चाल."

अशी रीत मी माहेरी कधी ऐकली नव्हती. नंतर मावशीला विचारलं, आत्याला विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हती. सासूबाईंना मात्र विचारायचं राहिलं ते राहिलंच.

भाऊ गेला तो बराच वेळ आला नाही. भात निवला. मग शेवग्यापलीकडे काठीचा आवाज आला. मैत्रीण उठायला लागली, तर सासूबाईंनी तिचा खांदा दाबला. "नवरीनं भरल्या ताटावरून उठू नये."

"वहिनी, तू बघ ना. कुठवर आलेत?"

मी दारात उभी राहिले. "कुंपणापाशी."

"मोठ्यानं सांग गं."

"कुंपण ओलांडलं," मी मोठ्यानं म्हटलं. "आता विहिरीजवळ. थांबलेत."

"बसले?"

"नाही. उभेच आहेत. काठी बदलली हातातली. निघाले. फणसाखाली आले."

मी एकटीच बोलत होते, आणि थांबले की ती "मग?" म्हणत होती.

ते ओटीवर आले आणि घामेजून टेकले. सासूबाईंनी तिच्या ताटातल्या करंज्या बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवल्या. एक खाऊन ते म्हणाले, "नारळ जून होता बाय."

"तुमच्याच वाडीतला आहे," सासूबाई म्हणाल्या.

आतून मैत्रीण हसली. मग तिनं थंड भात जेवायला सुरुवात केली.

बशी रिकामी करून त्यांनी विचारलं, "आणखी आहेत?"

"आहेत. उद्या या."

"उद्या कसलं केळवण?"

"या तर खरं. आल्यावर सांगते."

त्यांनी काठी उचलली. आमच्या पायरीपासून विहिरीपर्यंत वाट एकदा नजरेनं बघून घेतली. मग सकाळी यायचं की दुपारी, एवढंच विचारलं.