काडतुसातली ओट्सची रिंग

ॲडलीन कुचेराला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही. चर्चच्या जेवणात कुणाचे कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, वातड झाले, तर ही बाई "कॉफी छान झालीय" म्हणायची, पण कोलाच्यांबद्दल अवाक्षर काढायची नाही. अशा बाईनं स्वतःच्या नवऱ्याला उन्हाळाभर फसवलं, आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं ते कुणाला सांगितलं नाही. कशाचं जास्त नवल करावं तेच मला कळत नाही.

आमच्याकडे नेब्रास्कात मका आणि गुरुवार या दोनच गोष्टी भरवशाच्या. गुरुवारी संध्याकाळी सगळे नेमबाजीच्या क्लबवर. यंत्रातून मातीची तबकडी उडते, ती बंदुकीनं हवेतच फोडायची. मी तिथलं स्वयंपाकघर बघते आणि गुणही मीच लिहिते. माझ्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप नाही. ॲडलीनचा नवरा मायलो तिथला सगळ्यात जुना नेमबाज. काडतुसं विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटे. मारलेली रिकामी लाल टरफलं वेचून घरी न्यायची, तळघरात बसून त्यात बंदुकीची दारू भरायची, वर छर्रे, मग हातयंत्राचा दांडा दाबून तोंडाला घड्या पाडून ते बंद करायचं. सगळा हिवाळा त्यातच जायचा.

मग त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, बंदूक सोडा, नाहीतर अगदी हलकी काडतुसं वापरा, खांद्याला दणका बसता कामा नये.

"हलकी?" मायलो उखडला. "नवशिक्यांची फुसकी काडतुसं मी मारू? त्यापेक्षा गोट्या खेळेन!"

आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसला. शेजाऱ्याचा मका वाढताना बघत. जेवायला हाक मारली तर उठायचा, नाही मारली तर नाही. एकदा ॲडलीन माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "ट्विला, तो माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललाय गं."

मी म्हटलं, "अगं, भांड त्याच्याशी!"

भांडणं तिच्या रक्तातच नाही. जन्मभर गावातल्या मुलींचे लग्नाचे झगे शिवले तिनं. काहीही बिघडलं की आधी उसवायचं आणि मापात बसवायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं मायलोला सांगितलं, "तुला दांडा दाबवत नाही ना, मग काडतुसं मी भरते. तुझीच, नेहमीची. एकदा मारून तर बघ, दुखलं तर सोड."

नेहमीची कसली! दारूच्या कंपनीच्या पुस्तिकेत कमी दणक्याची मापं दिलेली असतात. त्या मापानं, काट्यावर तोलून, दारूही कमी आणि छर्रेही कमी. पण छर्रे कमी झाले की टरफलात पोकळी राहते आणि तोंडाच्या घड्या आत खचतात. मायलोच्या नजरेतून ते सुटलं नसतं. ॲडलीन वैतागली. "निऱ्या नीट पडत नाहीत गं," म्हणाली. झग्याच्या असोत की काडतुसाच्या, तिच्या लेखी त्या निऱ्याच. जुन्या नेमबाजांची एक युक्ती तिनं ऐकली होती. दुधात टाकून खायची ओट्सची बारीक रिंग असते ना, ती एक छर्ऱ्यांच्या खाली टाकली. घड्या झकास बसल्या.

पहिल्या गुरुवारी मायलो आला तेव्हा मी गुणांची वही घेऊन बाहेरच उभी होते. त्यानं बंदूक खांद्याला लावली, "सोड!" म्हणून तबकडीसाठी ओरडला. बार झाला, तबकडीचा चुरा. तो क्षणभर तसाच थांबला, दुखायची वाट बघत. मग वळून म्हणाला, "डॉक्टरला काय कळतंय डोंबल!"

बार हलका आहे हे आवाजावरून सगळ्यांना कळलं. मायलोचे कान अर्धे गेलेले, त्यात बोळे घातलेले, त्यामुळे तो एकटा सोडून. त्याच्या शेजारी उभा राहणारा बॉइड माझ्याकडे बघून नुसता हसला आणि आपली बंदूक भरायला लागला. कुणी चकार शब्द काढला नाही. मला त्या दिवशी आमच्या गावाचा फार अभिमान वाटला.

ऑगस्टात शेजारच्या गावचा एक पाहुणा आला. नवी कोरी बंदूक, नवी टोपी, तोंडाला लगाम नाही. मायलोचा बार झाला तसा खदखदून हसला आणि त्याच्या कानाशी येऊन ओरडला, "काय आजोबा, बंदूक शिंकली की काय?"

"तबकडी फुटली ना?" बॉइड खेकसला. "मग? आवाज ऐकायला आलास काय?"

पण व्हायचं ते झालं होतं. मायलोनं हातातल्या काडतुसाकडे पाहिलं. बंदूक टेकवायच्या लाकडी घोडीवर ठेवली, स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर बसून चाकूनं काडतूस कापलं. छर्रे बशीत ओतले. थोडेच होते. त्यांच्या मागून ओट्सची रिंग पडली.

"हीच ती," तो म्हणाला. "आमच्या घरात हे कुणी खात नाही. तरी खोकी संपतात." मग माझ्याकडे बघून, "तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या क्लबाला ठाऊक होतं, मेल्या! खांदा दुखला का उन्हाळाभर?"

"नाही."

"मग झालं तर!"

त्यानं रिंग शर्टाच्या खिशात टाकली, टोपी घातली आणि गेला. बंदूक घोडीवरच राहिली. इतक्या वर्षांत तो बंदूक विसरून कधी गेला नव्हता. मी ॲडलीनला फोन केला. "संपलं गं, ट्विला," म्हणाली. "आता तो परत त्या खुर्चीत बसणार."

माझे रस्से करपले त्या दिवशी. लक्ष कुठे होतं! क्लब बंद करायच्या बेताला तिचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं मायलोचं काही बरंवाईट झालं.

"अगं, तो दुकानात गेला होता. ओट्सच्या रिंगांची दोन मोठी खोकी घेऊन आलाय. मी तळघरात होते, तिथे सरळ उतरला, माझ्या शेजारी स्टूल ओढलं आणि विचारतो, एका काडतुसात एक टाकायची की दोन?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एकच. आणि तोंडात एकही टाकायची नाही."

ती हसत होती की रडत होती, मला कळेना. माझी तर रडारडच झाली होती.

"आणि ट्विला," ती म्हणाली, "त्याची बंदूक आत ठेवशील? म्हणतोय, गुरुवारी लागेल."