ध्येय म्हणून लिहिलेला संडास

आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाचं दार मी पहिल्यांदा उघडलं, तो वास मला अजून जेवताना आठवतो आणि घास तोंडातच फिरत राहतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर यवतमाळचं. घरात वडील, काका सगळे कचेरीत नोकरीला. माझी बदली झरी जामणी तालुक्यातल्या एका लहान गावात झाली, तेव्हा मी मुकुटबनला खोली केली आणि रोज बसने जाऊ-येऊ लागले. शाळा सातवीपर्यंतची. आम्ही दोघी बायका. माझ्याहून मोठ्या असलेल्या मॅडम लहान वर्गांना शिकवायच्या. बाकी सगळे सर. रुजू झाले त्या दिवशीच मोठ्या मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं, की इथे बायकांना जायला जागा नाही, शाळेत पाणी पिऊ नका, न पिण्याची सवय होते. त्या बऱ्याच वर्षांपासून सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत घोटभरही पाणी घेत नव्हत्या. मीही तेच करू लागले आणि पहिल्या उन्हाळ्यातच लघवीच्या जळजळीने अंथरूण धरलं.

माझ्या सातवीच्या वर्गात पोडावरून येणारी एक मुलगी होती. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, गावापासून बरीच लांब, तरी ती पायी यायची आणि गणितात सगळ्यांच्या पुढे असायची. हिवाळा सरत आला तशी ती मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन घरी जाऊ लागली आणि दुपारी परत येईना. मी विचारलं, रागावले, मग गोडीने विचारलं. शेवटी खाली बघत म्हणाली, "मॅडम, आता तुरी कापल्या ना."

मला समजायला थोडा वेळ लागला. शाळेमागे तुरीचं शेत होतं. पीक उभं असेपर्यंत मुली त्यात जायच्या. आता रान मोकळं झालं होतं आणि कडेने रस्ता जात होता.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या सभागृहात आमचं प्रशिक्षण लागलं. विषय होता वैयक्तिक आणि व्यावसायिक ध्येयनिश्चिती. मोठ्या शहरातून एक प्रशिक्षक आले होते, कानाला माईक लावलेले. त्यांनी आम्हाला डोळे मिटून पाच वर्षांनंतरचं आपलं रूप बघायला लावलं. मागच्या रांगेतला एक जण तेवढ्यात घोरायला लागला. मग ते म्हणाले, ध्येय नेमकं हवं, त्याला मुदत हवी आणि ते आपल्या हातात असलेलं हवं. त्या सांगण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी मन लावून ऐकलं आणि मन लावूनच लिहिलं. वैयक्तिक ध्येय: शाळेत असताना तहान लागली की पाणी पिणे. व्यावसायिक ध्येय: महिनाअखेरपर्यंत मुलींचा संडास वापरता येईल असा करणे.

प्रशिक्षकांनी काही कागद उचलून मोठ्याने वाचायला घेतले. कोणी शंभर टक्के उपस्थिती लिहिली होती, कोणी डिजिटल शाळा. टाळ्या पडत होत्या. मला उभं करून माझा कागद वाचला आणि सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले आमचे गटशिक्षणाधिकारी साहेब तोंडावर रुमाल धरून हसले. आमचे हेडमास्तरही हसले, ज्यांना तो संडास कसा आहे ते ठाऊक होतं.

"मॅडम, ध्येय मोठं लिहा," प्रशिक्षक म्हणाले. "हे तर काम झालं."

मी खाली बसले. जेवायला मसालेभात आणि बुंदी होती. शेजारी दोन शिक्षक माझ्या कागदावरून काहीतरी बोलून परत हसत होते, बोटांना तेल, मिशीत बुंदीचा कण. मला एकदम शिसारी आली आणि ताट तसंच ठेवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हटलं, संडास साफ करून घेऊ. त्यांनी गावाच्या टोकाच्या एका घराचं नाव घेतलं. त्या घरातली सगळी माणसं शेतमजुरी करतात. त्यांच्या आजोबांनी कधीकाळी मैला उचलला होता, एवढीच त्यांची लायकी हेडमास्तरांच्या लेखी उरली होती.

"आपण कायले हात लावाचा, मॅडम? त्यायचंच काम आहे ते," ते म्हणाले आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी तळहातावर चोळू लागले.

वर्गात समतेचा धडा हेच सर शिकवायचे. त्यांच्या तळहातावरच्या त्या ओल्या तंबाखूकडे बघत मी ठरवलं, की आपणच करायचं.

रविवारी मी मुकुटबनहून ॲसिड, खराटा, रबरी मोजे घेऊन गेले. मोठ्या मॅडम आल्या, पण पदर नाकाला लावून दाराबाहेर बादली धरण्यापुरत्या. दार ढकललं तर ते अर्ध्यावर अडलं. आत मोडकी बाकं कोंबली होती. ती ओढून काढली तेव्हा खालून झुरळं निघाली. शाळेला फाटक नव्हतं. संध्याकाळी गावातली माणसं इथे दारू प्यायला बसायची आणि तिथेच सगळं उरकायची. बाटल्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, भिंतीवर लाल पिचकाऱ्या, आणि फरशीवर थरावर थर, वरचे ओले, खालचे वाळून दगड झालेले. मधोमध मरून फुगलेली पाल. तांबडी अळी वळवळत होती. भिंतीवर कोळशाने बाईचं उघडं चित्र काढून त्याखाली माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव लिहिलं होतं.

मी बाहेर येऊन ओकले. परत आत गेले. परत ओकले. घाणीने जेवढं ढवळलं नसेल तेवढं त्या नावाने ढवळलं. ते मी सगळ्यात आधी घासलं. भिंतीचा चुना निघून विटा दिसेपर्यंत घासत राहिले. दुपार कलली तेव्हा फरशीचा पांढरा रंग दिसला. लोक म्हणतात काम फत्ते झालं की समाधान वाटतं. मला फक्त अंगावरची कातडी काढून ठेवावीशी वाटत होती. खोलीवर येऊन डोक्यावरून कितीतरी पाणी घेतलं, तरी केसांतला वास जाईना.

पुढच्या आठवड्यात नळकाम करणाऱ्याकडून टाकीचा पाइप जोडून घेतला आणि दाराला आतून कडी बसवली. मुली आधी दोघी-दोघी जायच्या, मग एकेकट्या जाऊ लागल्या. पोडावरची मुलगी दुपारी वर्गात दिसायला लागली.

मग एके सकाळी दाराला बाहेरून कुलूप. साहेब भेटीला येणार होते, तोवर खराब व्हायला नको म्हणून. साहेब आले, फोटो काढून गेले. कुलूप तसंच राहिलं. किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये. ज्या मुलीला जायचं असेल तिने ऑफिसात यायचं, सगळ्या सरांसमोर किल्ली मागायची, आणि हेडमास्तर मान वर न करता विचारायचे, "कायले पायजे?" मी स्वतः ते ऐकलं. सहावीतली एक मुलगी ओठ चावत उभी होती आणि एक सर गालातल्या गालात हसत होते. ती किल्ली न घेताच परत गेली. पोडावरच्या मुलीचं दुपारचं बाक पुन्हा रिकामं.

मी विज्ञानाच्या कपाटातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दाराचा कोयंडाच उखडला. कुलूप त्याला लटकलेलंच होतं. ते तसंच नेऊन हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय करून राह्यल्या मॅडम? सरकारी मालमत्ता आहे," ते म्हणाले.

"संडास पोरींसाठी आहे," मी म्हटलं. "कुलूप तुमच्या टेबलावर शोभेल."

त्यांनी माझ्याविरुद्ध वर कळवलं. कोणी चौकशीला आलं नाही, कारण दरम्यान साहेबांनी त्या फोटोंची यशोगाथा करून पुढे पाठवली होती. पुढच्या प्रशिक्षणात ती पडद्यावर दाखवली. लहान ध्येयातून मोठा बदल, असं वर लिहिलेलं. फोटोत चकचकीत दार, त्यावर पितळी कुलूप, शेजारी हेडमास्तर. तेच प्रशिक्षक टाळ्या वाजवायला सांगत होते. मला मनोगत मांडायला बोलावलं. मी एवढंच सांगितलं, की हा फोटो काढला त्या दिवशी संडास बंद होता आणि नंतरही मुलींना किल्लीसाठी ऑफिसात उभं राहावं लागत होतं. सभागृहात कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. साहेब घड्याळ बघत होते.

संडास आता उघडा असतो. सोमवारी सकाळी आत काय असेल सांगता येत नाही. कधी पिचकारी, कधी बाटली, कधी त्याहून वाईट. साफ करण्याच्या पाळ्या शिक्षकांनी घ्यायच्या, मुलींनी नाही, एवढं मी पालकांच्या सभेत मंजूर करून घेतलं. हेडमास्तरांच्या पाळीला त्यांची कंबर दुखते. एक तरुण सर मात्र येतात, नाकाला रुमाल बांधून, शिव्या पुटपुटत. मोठ्या मॅडम आता दाराच्या आत येतात. मला अजूनही दर वेळी मळमळतं. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. आणि खरं सांगायचं तर, ज्या गावात ही घाण दर आठवड्याला नव्याने येते, तिथे मला ती सवय व्हायलाही नको आहे.

पोडावरची मुलगी सातवी झाली आणि पुढच्या शाळेत गेली. मध्ये बसमध्ये भेटली. शाळा कशी आहे विचारलं, तर म्हणाली, चांगली आहे. मग उतरता उतरता म्हणाली, "पण मी तिथं पाणी नाई पेत, मॅडम."