माझ्या अंगठ्याचा गंज

"टेन्शन घेऊ नका" असं सांगणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. जसं काही मी रोज सकाळी पिशवी घेऊन टेन्शन आणायला बाजारात जातो! गेल्या वर्षी हे वाक्य मला डॉक्टरांनी ऐकवलं, बायकोने ऐकवलं, आणि ज्यांच्यामुळे ते आलं त्या साहेबांनी तर दोनदा ऐकवलं.

नागापूरच्या एमआयडीसीत मी अठरा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. ग्राइंडिंग होऊन चकचकीत झालेले लोखंडी शाफ्ट माझ्या टेबलावर येतात. मी ते मापतो, अंगठ्याने चाचपतो आणि पास झालेला माल शेजारच्या पॅकिंगच्या टेबलावर सरकवतो. हातमोजे मी कधीच घातले नाहीत. कंपनी दर महिन्याला पांढऱ्या सुती मोज्यांचा जोड देते, आम्ही त्याने गाड्या पुसतो. आमच्याकडे मोजे घालून माल तपासणारा म्हणजे नवशिका, असं सगळेच समजतात. माझे वडील घोडेगावच्या बाजारात बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून सांगायचे, हा औताला चालेल की नाही. तोच हात माझ्याकडे आलाय, असं मी लोकांना सांगत फिरायचो. केसाएवढी चीर माझ्या अंगठ्याला कळते, हा माझा तोरा होता.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी माझ्या टेबलासमोर एक पांढरा बोर्ड ठोकला. दर तासाला किती माल पास झाला ते त्यावर लिहायचं. आकडा कमी पडला तर लाल पेनने लिहायचा आणि शेजारच्या रकान्यात कारण. मी कारण लिहिलं, "ग्राइंडिंगहून माल उशिरा आला." साहेब म्हणाले, "मला कारणं नकोत." मग रकाना कशाला आखलाय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तो राग गिळला, आणि तो पोटात जाऊन बसला.

हे मी बोलण्याच्या ओघात म्हणत नाही. खरंच पोटात जाऊन बसला. दोन महिन्यांत जळजळ सुरू झाली. त्याआधी मान आखडली होती. जेवताना जबडा दुखायचा, कारण दिवसभर मी दात आवळून बसलेला असायचो आणि ते मलाच माहीत नव्हतं. बायको म्हणायची, "वरण-भात खाताय की सुपारी फोडताय?" आणि तळहातांना घाम. डिसेंबरात, सगळे स्वेटर घालून आलेले असताना, माझ्या हातातून मायक्रोमीटर निसटायचा.

नगरमधल्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस चांगला होता, ओरडला नाही. म्हणाला, "शरीराला बोर्ड आणि वाघ यांतला फरक कळत नाही. संकट आलं म्हटलं की ते पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, स्नायू आवळतात, हातांना घाम सुटतो. आणि तुम्ही मात्र स्टुलावर बसून राहता." मग उपाय सांगितले. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. रोज अर्धा तास चाला. चहा कमी करा. मनातलं कुणाशी तरी बोला. हे सगळं मला पटलं होतं, पण दाराशी आल्यावर त्याने ते वाक्य म्हटलंच. मी श्वास मोजायला लागलो की दोनावरच नजर बोर्डाकडे जायची. चालायचं म्हणावं तर शिफ्ट सुटेपर्यंत पायांत त्राण उरायचं नाही.

कंपनीनेही आमची काळजी घेतली. तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं, सुट्टी झाल्यावर, हजेरी सक्तीची. बाहेरून आलेल्या गुरुजींनी आम्हा साठ माणसांना हिरवळीवर उभं करून हात वर करून हसायला लावलं. आम्ही हाहाहा करत असताना कंपनीची बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी कमी पडलेला माल भरून काढायचा होताच.

अशात पुण्याच्या ग्राहकाकडून एक खोकं परत आलं. पाच-सहा शाफ्टवर गंजाचे तपकिरी डाग होते. साहेबांनी सगळ्यांसमोर ते माझ्या टेबलावर आदळलं. "कारण शोधा. आज."

मी कारण शोधलं. अर्ध्या तासात. पॅकिंगला कंत्राटावरच्या एक मावशी होत्या, सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी. माल गंजू नये म्हणून तेलात बुडवायचा, कागदात गुंडाळायचा आणि खोक्यात भरायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या डब्यात रोज लोणचं असायचं. मी सरळ जाऊन म्हणालो, "मावशी, खारट हातांनी माल हाताळता तुम्ही. हात धुता का जेवल्यावर?"

त्या म्हणाल्या, "न्हाई ओ दादा. मी तर…"

मी पुढचं ऐकलंच नाही. माझे कान तापले होते, मान दगडासारखी झाली होती आणि बोर्डावरचा तास रिकामा होता. साहेबांना मी तेच कारण दिलं. त्यांनी ग्राहकाला रिपोर्ट पाठवला : चुकीची हाताळणी, संबंधित कामगार काढला. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. कंत्राटदार त्यांच्या जागी रोज वेगळा माणूस पाठवू लागला. आणि मला, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी दोन घास सुखाने गिळता आले.

तीन आठवड्यांनी पाच खोकी परत आली. या वेळी पाच-सहा नग नव्हते, अख्खा माल डागाळलेला. मी एक शाफ्ट उचलून ट्यूबलाइटखाली धरला. डाग कसला, अंगठा होता तो. रेषान् रेषा गंजात उमटलेली. आणि त्या रेषांच्या मधून एक तिरकी, स्वच्छ पट्टी गेलेली, जिथे गंजाचा कणही नव्हता.

ती पट्टी मी चौदाव्या वर्षापासून ओळखतो. कडबाकुट्टीच्या पात्याने माझ्या उजव्या अंगठ्यावर केलेली खूण आहे ती. तिथल्या कातडीला घाम येत नाही.

मी दुसरा शाफ्ट उचलला, तिसरा उचलला. सगळ्यांवर मीच होतो. अठरा वर्षं ज्या अंगठ्याचा तोरा मिरवला, त्याने बोर्ड लागल्यापासून गिळलेलं सगळं त्या लोखंडावर लिहून पुण्याला पाठवलं होतं. मला माझी इतकी चीड आली की टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. पण ती मूठही ओलीच होती.

साहेबांकडे गेलो. "साहेब, मावशींची चूक नाही. हा घाम माझा आहे."

ते म्हणाले, "रिपोर्ट बंद झालाय. आता नवं काढू नका. उगीच टेन्शन घेता तुम्ही."

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, "घेतलंय साहेब, आणि ते कुठे जातंय तेच दाखवायला आलोय." एक नवा, कोरा शाफ्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्या देखत त्यावर अंगठा दाबला. "हा उद्यापर्यंत इथंच राहू द्या. बिनतेलाचा."

दुसऱ्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. शाफ्टवर तपकिरी अंगठा उमटला होता, खुणेसकट. साहेबांनी तो उचलून माझ्या अंगठ्याशेजारी धरला. म्हणाले, "मोजे घालायचे यापुढे. आणि त्या बाईंना बोलवा परत." बोर्डाबद्दल अवाक्षर नाही. बोर्ड अजून तिथेच आहे.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो, एमआयडीसीमागच्या वस्तीत. त्या दारात मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, मला माफ करा म्हणालो. त्या आत गेल्या, चहा टाकला, स्टीलच्या पेल्यात आणून दिला.

"येते सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "पन त्यो अंगठा तुमचा हाय, ह्ये मला ठावं हुतं."

"कसं?"

"रोज पुसत हुते की मी. तुमच्याकडनं माल आला की त्याच्यावर वल्ला ठसा असायचा. फडक्यानं पुसायचा, मंग तेलात टाकायचा. आदी न्हवता येत एवढा. बोर्ड लागल्यापासनं लई यायला लागला. माल वाढला तसे चार-दोन ऱ्हायले माज्या हातनं."

मी पेला खाली ठेवला. सहा महिने ही बाई माझा घाम पुसत होती आणि मी तिच्या लोणच्याला बोल लावला होता.

"मग मला सांगितलं का नाही, मावशी?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आल्ते की सांगायला. दोनदा," त्या शांतपणे मेथी निवडत म्हणाल्या. "तुमी मान वर न करताच म्हनला, आत्ता नको मावशी, बोर्ड भरायचाय."