पंचनाम्याच्या आधी

अन्याय झाला तो माझ्या काकावर, आणि झाला त्र्याऐंशी साली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दहिवलीच्या अलीकडे एक भातगिरणी होती, तिथे तो कामाला होता. पट्टा सरकला म्हणून ओल्या हाताने त्याने मोटारीची पेटी धरली आणि तिलाच चिकटला. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. काका तुसाच्या खोलीच्या दाराशी कोसळला. इथवर माणसांनी जे करायचं ते केलं होतं. मग शेजारचा सायकलवाला ओरडला, "हात लावू नका रं कोनी! पंचनामा व्हायचा हाय!"

आणि कुणी हात लावला नाही.

भात भरडायला आलेली माणसं, गिरणीचा मालक, सायकलवाला, सगळे गोल करून उभे राहिले. मी घरून धावत पोचले, काकाचा हात धरला. गरम होता. मला दंडाला धरून मागे ओढलं. "पोरी, पोलीस आल्याबिगर नाय." पोलीस दुपारी आले. तोवर तो हात गार पडला होता.

मला तेव्हा एकच गोष्ट येत होती, पत्रक काढणं. कॉलेजातल्या आमच्या मंडळाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्रंदिवस तेच छापणं चालायचं. मी लिहिलं, 'या मृत्यूला जबाबदार कोण?' उघड्या वायरी, मालकाचा नफा, झोपलेलं वीज खातं, कुणालाच सोडलं नाही. कर्जत स्टेशनबाहेर वाटलं, खालापूरला कचेरीसमोर वाटलं. खालापूरच्या एसटी स्टँडवर एका कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर उभी होती. तिने पत्रक उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. असं कुणी करत नाही. मग मला बोलावलं.

"उद्गारचिन्हं संपली असतील तर एक विचारते. काकाच्या छातीवर कुणी हात ठेवून बघितला?"

"पंचनामा व्हायचा होता."

"पंचनामा मेलेल्याचा करतात. तो मेला हे कुणी ठरवलं?"

घरी येईपर्यंत मी तिच्यावर चडफडत होते. पुढच्या रविवारी तिच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले.

कारखान्याने तिला कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा आणून दिला होता. तो आडवा टाकून ती म्हणायची, "ये, बघ जिवंत आहे का." खांदे हलवून हाक मारायची. नाकाशी कान नेऊन श्वास ऐकायचा. नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर तळहात, त्यावर दुसरा तळहात, कोपरं ताठ, आणि सगळा भार खांद्यांतून खाली. हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडाने श्वास, छाती फुगली की पुन्हा दाब. याला सीपीआर म्हणतात हे तिने मला नंतर सांगितलं. आधी हात तयार केले.

"गुदगुल्या करतेस का त्याला? दाब!"

"फासळी मोडली तर?"

"मोडेलही. फासळी पुन्हा जुळते."

आणि विजेचा झटका असेल तर पहिल्यांदा मेन स्विच, मग माणूस. नाहीतर त्याच्या शेजारी तूच.

त्या उन्हाळ्यात मी शिकले. विनय बाजूला ठेवून सांगते, मला येतं. स्टँडवर, बाजारात, शेतावर माझ्यासमोर कुणी कोसळलं तर मी काय करीन हे मला पक्कं माहीत आहे.

पण मला एकटीला येऊन काय उपयोग? त्या गोलाने मला पुन्हा मागेच ओढलं असतं. गोलालाच शिकवायला हवं होतं, आणि तेही त्या गिरणीत. मालकाने परवानगी दिली. त्याला दुसऱ्या पत्रकाची धास्ती होती.

भाद्रपदात गिरणी थंडच असते. एका पोत्यात तूस ठासून भरलं, वर काकाचं जुनं बनियन चढवलं. गाव लोटलं ते हसायलाच.

"ह्याला मिशा काढ गं!"

एक म्हातारे म्हणाले, "परक्या बाप्याच्या तोंडाला तोंड लावनार पोरगी! मंग हिच्याशी सोयरीक कोन करील?"

"आजोबा, तुम्ही पडलात तर सोयरीक बघत बसू, की श्वास देऊ?"

"मला दे बाय! मला आदी दे!"

हशा पिकला. पोतं सगळ्यांनी दाबलं. पण हनुवटी कशी उचलायची, श्वास कसा ऐकायचा, हे पोत्यावर कळत नाही. म्हटलं, "कुणीतरी आडवं व्हा. दाबायचं नाही, जित्या माणसाची छाती उगाच दाबत नाहीत. नुसतं तपासून बघायचंय."

हसू थांबलं. "जित्या मानसानं आसं पडू नये." "अभद्र हाय त्ये." बघता बघता तोच गोल उभा राहिला, तीच माणसं, हात मागे बांधलेली.

काकी दाराशी बसली होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदा गिरणीत आली होती. ती उठली, पदर खोचला आणि तुसाच्या खोलीच्या दाराशी आडवी झाली.

"काकी, तिथे नको."

"हितंच."

"उठ गं बाय, बरं दिसत नाय," कुणी बाई म्हणाली.

काकीने डोळे मिटले. "त्या दिशी बरं दिसत व्हतं? लावा हात."

पुढे आला तो सायकलवाला. सहा महिने त्याला काय काय सुनवायचं ते मी मनात घोकत होते. तो गुडघ्यावर बसला, खांदा हलवला, "वैनी, ओ वैनी." हनुवटी वर केली, नाकाशी कान नेला, आणि तसाच थांबून राहिला.

"श्वास हाय," तो म्हणाला.

"आसनारच," काकी डोळे न उघडता बोलली, "मी कुटं गेलेय?"

पुन्हा सगळे हसले, पण आता वेगळं. सायकलवाला उठून पोत्याकडे गेला आणि दाबायला लागला. मी त्याला एवढंच म्हटलं, "कोपर ताठ." बाकीचे त्याच्यामागे रांगेत उभे राहिले. बायका काकीभोवती बसून छातीच्या हाडाची जागा चाचपू लागल्या.

घरी जाताना काकीने विचारलं, "तवा येत आसतं तर वाचलं आसतं ते?"

"माहीत नाही," मी म्हटलं. सिस्टरनेही मला तशी हमी कधी दिली नव्हती. "पण नुसतं बघत उभं कुणी राहिलं नसतं."

काकी चालत राहिली. "मंग पुडच्या रयवारी कळंबच्या गिरनीत शिकव."

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, तुमची हळहळ मला नको आहे. जवळच्या दवाखान्यात जा, सिस्टरला गाठा, शिकवा म्हणा, हात बसेपर्यंत सोडू नका. आणि उद्या तुमच्यासमोर कुणी कोसळलं, भोवती गोल झाला आणि कुणी पंचनाम्याचं नाव काढलं, तर तो गोल फोडून आत शिरा आणि हात लावा.